बाहेर न पडता दोनदा आत गेलेली गाडी

गल्लीत तिला सगळे आत्या म्हणतात. खरं तर ती एकाच घराची आत्या, भावाच्या दोन पोरींची. पण त्या पोरी लहानपणी घसा फाटेस्तोवर हाका मारत फिरायच्या, तेव्हा गल्लीनं ते नाव फुकटात उचललं. फुकटात मिळेल ते उचलण्यात आमची गल्ली पहिल्यापासून हुशार.

आत्याचा धंदा पडद्यांचा. दुकानातून आयते आणून टांगायचे ते पडदे नव्हेत. आत्या खिडकी मापते, दांडे बसवते, कापड बेतते, अस्तर लावते, चुण्या घालते आणि स्टुलावर चढून स्वतः टांगते. वडील गेले तेव्हा भावानं घर घेतलं, हिनं शिवणयंत्र घेतलं. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणते, "मापाचं मिळालं नाही, आणि अल्टर करायला वेळ नव्हता." विचारणारा पुन्हा विचारत नाही.

तिचा एक नियम आहे. दुकानातल्या दिव्याखाली कापड पसंत करायचं नाही. "दुकानातला दिवा दुकानदाराच्या पगारावर असतो," ती म्हणते, "तो खरं कशाला बोलेल?" म्हणून प्रत्येक कामाला ती मॉलमधल्या त्या मोठ्या घरसामानाच्या दुकानात दोन खेपा करते. पहिल्या खेपेला दांडे घेते, कारण दांड्याला उजेडाशी घेणं नसतं, आणि कापडाचे वीतभर नमुने. तिथून गिऱ्हाइकाच्या घरी. दांडे बसवते, खिडकीपाशी नमुने धरून बघते, मग परत मॉलमध्ये जाऊन कापड फाडून आणते. कुणी म्हटलं की एवढा उपद्व्याप कशाला, तर त्या माणसाकडे अशी बघते की तो आपल्या घरचे पडदे आठवून गप्प होतो.

आता गाडी. मागून उघडणारी जुनी व्हॅन. तिचा मूळ रंग कोणता, यावर गल्लीत दोन पक्ष आहेत. कर्ज देताना बँकेला पगाराची पावती हवी होती. शिवणयंत्राला पगार नसतो, भावाला होता. म्हणून गाडी भावाच्या नावावर आणि हप्ते आत्याच्या टाचेखालच्या, यंत्राच्या पायट्यावर. कागदावरचा मालक दादा. तेल घालणारी, धुणारी आणि थंडीत ढकलणारी आत्या. हा असला व्यवहार घराघरात चालतो आणि त्याला विश्वास म्हणतात. विश्वास असतोच, जोवर दारात पाकीट येत नाही तोवर.

पाकीट आलं. दादाच्या नावावर, दादाच्या घरी. नवऱ्याचं पाकीट फोडायचा हक्क वहिनीचा, तो तिनं बजावला.

संध्याकाळी आत्या माझ्या दारात उभी. मला ती पुढारी म्हणते. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे मी अजून मोजत आहे. लोक असले कागद माझ्याकडे आणतात, कारण वकील पैसे मागतो आणि मी फक्त आवाज चढवतो.

"पुढारी, आहेस का घरात?"

"आहे, आत्या. या की."

"आत यायला वेळ नाही. हे वाच, आणि हसू नकोस."

वाचलं. लांबून बघितलं तर कोर्टाचं समन्स. लाल पट्टी, ठळक अक्षरं, वर एक वाघ की मांजर कळू नये असं चिन्ह. जवळून बघितलं तर वाण्याची उधारी. मॉलच्या मालकानं गाड्या लावायची जागा एका कंपनीला दिलेली. त्या कंपनीनं भिंतीवर, जिराफाला वाचता येईल इतक्या उंचीवर, नियमांची पाटी ठोकलेली. अमुक वेळ फुकट, पुढे आकार. आकार हा त्यांचा शब्द. दंड म्हणायचा त्यांना अधिकार नाही आणि बिल म्हटलं तर कुणी भीत नाही, म्हणून आकार. खाली आत्याच्या गाडीचे दोन फोटो. एक सकाळी आत येतानाचा, समोरून. दुसरा दिवस कलताना बाहेर जातानाचा, मागून. मधला सगळा वेळ गाडी आमच्या आवारात उभी होती, तरी आकार भरावा, न भरल्यास अमुक, तरीही न भरल्यास तमुक.

"मधे तुम्ही बाहेर गेला होतात?"

"नाही, मॉलच्या गच्चीवर चटई टाकून झोपले होते. अरे, दातांच्या डॉक्टरकडे दांडे बसवत होते मी."

"मग झालं. असला फालतू कागद मी पुष्कळ बघितलाय. पैसे भरू नका."

"पैशाचं कोण बोलतंय? दादा म्हणतो, पैसे मी भरतो, तू गाडीची किल्ली परत दे."

तेव्हा मला खरं दुखणं कळलं. आत्यानं घरी सांगितलं होतं की दिवसभर गिऱ्हाइकाकडे होते. कागद सांगत होता की गाडी दिवसभर मॉलमध्ये होती. दादाला रक्कम जड नव्हती. त्याला बहीण खोटं बोलते हे जड झालं होतं, आणि जड व्हायला वहिनीनं हातभार लावला होता. वहिनीच्या भावाला पाणी गाळायच्या यंत्रांची एजन्सी मिळालेली. त्याआधी त्यानं गाद्यांची बुडवली होती, विम्याची बुडवली होती. आता पाणीच होतं, बुडवायला सोयीचं. त्याला गाडी हवी होती. दादानं सांगून टाकलं होतं, महिना संपला की गाडी त्याला.

गाडी गेली की आत्याचे दांडे, स्टूल, ड्रिल मशीन आणि कापडाचे गठ्ठे बसमध्ये चढणार नव्हते. गाडी म्हणजे धंदा, आणि धंदा म्हणजे आत्या. हिशेब इतका सरळ होता.

मी कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार टाकायला बसलो. तिथं तक्रारीचं कारण निवडायचं होतं. गाडी चोरीला गेली, गाडी विकली, गाडी बंद पडली, मालक वारला. 'गाडी तिथं नव्हतीच' हे कारण नव्हतं. म्हणजे मेलेल्या माणसाची सोय होती, खरं बोलणाऱ्याची नव्हती. मी 'गाडी बंद पडली' वर बोट ठेवून खाली खरं लिहिलं. उत्तर आलं, आमची यंत्रणा अचूक आहे. खाली सही नाही, नाव नाही. अचूक माणसांना नाव लागत नसावं.

मग दातांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांच्या थांबायच्या खोलीत नवे पडदे झुलत होते, काय देखणे दिसत होते. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, त्या दिवशी या बाई इथं काम करत होत्या एवढं दोन ओळींत लिहून द्या.

"मी आत पेशंट बघत होतो. कोण कधी आलं गेलं, मी कसं सांगू?"

"दांडे भिंतीत कुणी बसवले मग? ड्रिलचा आवाज तरी आला असेल."

"माझ्याकडे ड्रिलचा आवाज दिवसभर असतो," डॉक्टर म्हणाले. "हे बघा, मला यात ओढू नका."

लोकांचे दात ओढण्यात आयुष्य गेलेला माणूस, स्वतःला ओढून घ्यायला तयार नाही. बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "बिचाऱ्याला पडदे आवडले पण." मी म्हटलं, आवडले म्हणूनच मागे लपला.

शेवटी मॉलवरच जायचं ठरवलं. आत्याला दुसऱ्या एका कामाचे दांडे घ्यायचे होतेच. नुसतं भांडायला म्हणून तेल जाळणारी बाई नव्हे ती. तिनं आधी खरेदी केली, मग आम्ही पार्किंगच्या ऑफिसात गेलो.

ऑफिस म्हणजे बाहेर जायच्या वाटेवरची काचेची केबिन. आत एक रखवालदार आणि त्याचा साहेब. साहेबाच्या गळ्यात टाय होता आणि टायवर पेनाचा डाग होता, आणि तो डाग तळहातानं झाकून बोलायची त्याला सवय लागली होती. मी मनातल्या मनात त्याचं टायवाला असं नामकरण केलं.

"कॅमेरा खोटं बोलत नाही," टायवाला म्हणाला.

"बोलत नाही, पण आंधळा असू शकतो," मी म्हटलं. "या बाई मधे बाहेर गेल्या होत्या."

"गेल्या असत्या तर नंबर आला असता. गेटवरून चिमणी गेली तरी नोंद होते."

"चिमणीला नंबरप्लेट असते?"

रखवालदार फिसकन हसला आणि लगेच खोकला. टायवाला म्हणाला, "तुम्ही कोण? वकील?"

"नाही. ऐकून न घेणारा माणूस."

आत्या इतका वेळ दारात उभी होती. गाडी बाहेर काढायच्या वाटेवर तिरकी लावलेली, मागचं दार अर्धं उघडं, दांडे हातभर बाहेर आलेले, दार सुतळीनं आवळलेलं. तिचा पारा चढत होता हे मला कानावरून कळतं, तिचे कान आधी लाल होतात.

"पुढारी, या माणसाशी बोलण्यापेक्षा भिंतीला टीप मारलेली बरी," ती म्हणाली. "मी निघाले. तुला यायचं तर ये." आणि ताड्ताड् जाऊन गाडीत बसली, आणि मला तिथंच सोडून गाडी काढली सुद्धा.

मी केबिनमध्येच राहिलो, कारण माझं भांडण संपलं नव्हतं. रखवालदाराच्या समोर एक पडदा होता, कापडाचा नव्हे, काचेचा. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा मागून फोटो त्यावर यायचा आणि खाली नंबर उमटायचा. पांढरी गाडी गेली, नंबर उमटला. निळी गेली, उमटला. आत्याची व्हॅन गेली. फोटो आला. खाली काही उमटलं नाही.

मी फोटोकडे बघितलं. लांब दांडे बाहेर काढले की टोकाला लाल फडकं बांधावं लागतं, मागच्या गाडीवाल्याच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून. दुसरा कुणी गंजीफ्रॉकाची चिंधी बांधतो. आत्या पडदेवाली. तिनं चिंधी बांधली तर तिच्या हाताची लाज जाईल. तिनं बांधलं होतं चांगलं जाड, डाळिंबी रंगाचं, कडेला दुमडून शिवलेलं भलंमोठं कापड. ते दांड्यांच्या टोकावरून खाली असं ऐटीत सोडलेलं की पाठीमागची नंबरप्लेट अख्खी झाकली गेली होती. चुण्यांसकट.

"हे काय?" मी टायवाल्याला विचारलं.

रखवालदारच म्हणाला, "साहेब, असं होतं कधी कधी. नंबर दिसला नाही की मशीन सोडून देतं."

तेवढ्यात आत्या वळसा घालून परत आली. मला टाकून गेल्याची तिला लाज वाटली असावी, अर्थात ती तसं कबूल करणार नाही. आत यायच्या वाटेवरचा कॅमेरा समोरून बघतो, आणि समोर कापड नव्हतं. दुसऱ्या काचेवर तिचा नंबर टच्चकन उमटला. आत.

"साहेब," मी म्हटलं, "आता तुमच्या अचूक यंत्रणेला विचारा. ही गाडी मघाशी आत आली. बाहेर गेलीच नाही. आणि आता पुन्हा आत आली. आतल्या आत एकीच्या दोन झाल्या. ही गाडी आहे की बाळंत होणारी बाई?"

टायवाल्यानं डागावर हात ठेवला. "म्हणजे तुम्ही नंबरप्लेट झाकून गाडी बाहेर नेली. हा वेगळा गुन्हा झाला."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. मी म्हटलं, "लावा की तोही. पण झाकून बाहेर नेली म्हणजे बाहेर नेली ना? आता त्या दिवशीचा फोटो दाखवा."

"त्यासाठी हेड ऑफिसची परवानगी लागते."

रखवालदाराची पाळी संपत आली होती आणि त्याला घरी जायचं होतं. त्यानं परवानगीची वाट न बघता बटणं दाबली. त्या दिवशीच्या सकाळच्या फोटोंमध्ये नंबर न उमटलेला एकच फोटो होता. जुनी व्हॅन, बाहेर आलेले दांडे, आणि नंबरवर डाळिंबी कापड. संध्याकाळी दांडे डॉक्टरच्या भिंतीत गेलेले, म्हणून तेव्हा नंबर दिसला.

मी म्हटलं, झालं, जिंकलो. आत्या म्हणाली, "तू जिंकलास. मला हे दादाच्या डोळ्यांनी बघायला हवंय." तिनं फोन लावला आणि अगदी मवाळ आवाजात म्हणाली, "दादा, तुझंच खरं. गाडीची किल्ली देते. मॉलच्या गेटवर ये."

किल्लीचं नाव काढलं आणि तिघं आले. दादा, वहिनी आणि वहिनीचा भाऊ. भाऊ हात पुसत आला, जणू किल्ली ओल्या हातानं घेतली तर गंजेल. एरवी आत्याच्या घरी या तिघांना एकत्र यायला सवड नसते.

आत्यानं दादाला काचेपुढे उभं केलं. रखवालदारानं फोटो लावला. मी सगळं सांगितलं, टायवाल्यानं मधे दोनदा "पण" म्हटलं, त्याला कुणी पुढे जाऊ दिलं नाही. दादा फोटोकडे बघत राहिला. तसा वाईट नाही तो माणूस. फक्त शेवटी जो बोलतो त्याचं त्याला पटतं.

शेवटी वहिनी बोलली.

"थांबा. हे कापड तर आमच्या बैठकीच्या पडद्याचं आहे."

तिनं काचेवर बोट टेकवलं.

"वन्सं, तुम्ही म्हणाला होतात कापड पुरलं नाही. म्हणून आमचा मधला पडदा वीतभर आखूड राहिला. मी त्या दुकानदाराला कमी मापलं म्हणून शिव्या घालून आले. आजतागायत त्याच्याकडे पाय ठेवलेला नाही."

आता हे ऐका. शिवणाऱ्याकडे कापड उरतं. उरलेलं परत द्यायचं की ठेवायचं, हा या धंद्यातला सनातन वाद आहे, आणि शिवणाऱ्यांनी तो आपल्यापुरता केव्हाच मिटवलाय. पण वीतभर आखूड पडदा टांगून वर तुकडा ठेवणं, हे आत्यालाही शोभणारं नव्हतं. मला तिच्याबद्दल तेव्हा काय वाटलं ते मी लपवत नाही. मनात म्हटलं, खाई त्याला खवखवे.

टायवाल्याचा चेहरा उजळला. "बघा," तो म्हणाला, "बाईंकडे टोकाला बांधायला असेल लहानसा तुकडा. त्या दिवशीच्या फोटोत प्लेट झाकणारं मोठं कापड आहे, आणि नंबर नाही. ती व्हॅन दुसऱ्या कुणाचीही असेल. यंत्रणा..."

वहिनीच्या भावाचा हात पुन्हा पुढे आला.

आत्याच्या पुढे दोनच वाटा होत्या. तुकडा लहान म्हणावा, तर वहिनीपुढे अब्रू वाचते आणि गाडी जाते. मोठा म्हणावा, तर गाडी राहते आणि चोरी पदरात पडते. तिचे कान लाल झाले. ती बाहेर गेली, दांड्यांवरचं कापड सोडलं, आत आणलं आणि दोन्ही हातांनी सगळ्यांसमोर ताणून धरलं. तिच्या हनुवटीपासून गुडघ्यापर्यंत आलं.

"मोठं आहे," ती म्हणाली. "बेतताना चुकले. एक पट्टी उलटी कापली गेली. ती जोडली असती तर खाली आडवा जोड दिसला असता, आणि माझ्या हातच्या पडद्यात जोड दिसलेला मला चालत नाही. आखूड चालला, पण जोड नको. म्हणून दुकानदारावर ढकललं. बस? कुणाला मापायचंय?"

कुणी मापलं नाही. म्हणजे चोरी नव्हती ती, गर्व होता. भावजयीच्या घरी आखूड पडदा, दुकानदाराला शिव्या, आणि हिच्या हाताला डाग नको. चोर परवडला, निदान तो विकून तरी खातो.

वहिनी म्हणाली, "सांगितलं असतं तर जोड चालला असता मला."

"मला नसता चालला, वहिनी."

दादा काचेपासून मागे वळला. मग म्हणाला, "कापड दे हिला. गाडी ठेव तुझ्याकडे."

"ठेव काय?" आत्या म्हणाली. "तू ठेव म्हणालास म्हणून ठेवायची, दे म्हणालास की द्यायची. हप्ते फिटले कधीच. गाडी माझ्या नावावर कर. पुढचं पाकीट माझ्या दारात येऊ दे, माझं मी फोडेन. वहिनी, मधला पडदा लांब करून देते, जोडासकट."

वहिनीनं विचार केला. एका बाजूला सख्खा भाऊ आणि त्याचं पाणी. दुसऱ्या बाजूला येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणारा पडदा. "अस्तर पण लागेल नवं," ती म्हणाली.

"लावते."

"मग करा हो नावावर," वहिनी दादाला म्हणाली, आणि दादाला ते पटलं. भाऊ रिकाम्या हातानं सरबताच्या दुकानाकडे गेला. बहुतेक तिथल्या पाण्याची चौकशी करायला.

कंपनीचं पत्र आलं, आम्ही सद्भावनेपोटी आकार मागे घेत आहोत. चूक झाली म्हणायला जीभ उचलत नाही, म्हणून सद्भावना. दुसऱ्याच्या ताटातली माशी काढून वर उपकार सांगायचे. मी उलट लिहिलं की सद्भावना तुमच्याकडे ठेवा, चूक कबूल करा. त्याचं उत्तर आलेलं नाही आणि येणारही नाही.

वहिनीच्या बैठकीतला मधला पडदा आता जमिनीला टेकतो. खाली वीतभर अंतरावर आडवा जोड आहे, उलट्या बाजूचा, थोडा गडद. आल्यागेल्याला वहिनी सांगते की हल्ली अशीच फॅशन आहे. आत्या त्या खोलीत बसली की त्या पडद्याकडे पाठ करून बसते.

गाडी तिच्या नावावर झाली आहे. परवा मी मॉलमधून तिच्याबरोबर आलो. दांडे होतेच मागे. बाहेर जायच्या कॅमेऱ्यापाशी तिनं गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, खाली उतरली, मागे गेली आणि दांड्यांवरचं फडकं दोन बोटांनी वर उचलून धरलं. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजले. केबिनमधला रखवालदार काचेतून नंबर उमटल्याचा हात करेपर्यंत ती तशीच उभी होती. मग फडकं सोडलं, झटकून नीट चुण्या पाडल्या आणि येऊन बसली.

"कळू दे मेल्यांना," ती म्हणाली, "मी गेले ते."

फडकं या वेळी निळं होतं, जाड विणीचं, कडेला सुबक दुमडलेलं. ते कुणाच्या खिडकीतलं, हे मी विचारलं नाही.